ताईचं जेल

माझ्या आतेबहिणीला माणसाचा चेहरा कधीही लक्षात राहत नाही. जखम मात्र ती जन्मात विसरत नाही. असं दुसरं माणूस बुऱ्हाणपुरात नाहीच, आणि मला विचाराल तर तापीच्या दोन्ही काठांनी थेट सुरतेपर्यंत चालत गेलात तरी सापडायचं नाही. भाजीबाजारात एखादा गृहस्थ हात जोडून "दीदी, पहचाना क्या?" म्हणत समोर उभा राहतो. ताई चष्मा वर करते, खाली करते, ओशाळं हसते. तो बिचारा हिरमुसून निघणार एवढ्यात तिची नजर त्याच्या कोपराकडे जाते आणि ती ओरडते, "अरे, तुम्ही! डावं कोपर! निंबोल्याच्या वळणावर मोटरसायकल घसरली होती. दोन बोटं लांब, एक कड फाटलेली. किती सुंदर भरलीय हो!" मग कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून, भर बाजारात, ती त्या माणसाच्या कोपरावरून अंगठा फिरवत राहते. लोक बघतात, तो माणूस लाजतो, भाजीवाली खोळंबते. ताईला त्यातलं काही दिसत नाही. माझ्या बायकोलाही लग्नानंतरची दोन वर्षं ती नावानं ओळखत नव्हती. फोनवर विचारायची, "ती कशी आहे रे, उजव्या मनगटावर तेल उडालेली?"

ती माझ्या आत्याची एकुलती एक मुलगी, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आत्याचं सासर बहादरपूरचं, घरची केळीची शेती. ताई सहासात वर्षांची असताना आत्याच्या हातावर उकळतं दूध सांडलं होतं. गावातल्या एका म्हातारीनं केळीचं कोवळं पान वाफवून त्या हातावर बांधलं. दुसऱ्या दिवशी पान सोडलं तेव्हा ते जखमेला मुळीच चिकटलं नव्हतं. बाकी घरादाराला त्या प्रसंगातली आत्याची किंचाळी आठवते. ताईला आठवतं ते न चिकटलेलं पान. त्या एका पानामागे चालत चालत ती आधी इंदूरला गेली, मग आणखी लांब, आणि शेवटी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचली. तिथं ती तीस वर्षं राहिली.

ती तिथं नेमकं काय करते, हे आत्याला कधी धड सांगता आलं नाही. "पोरगी जेलमध्ये संशोधन करते" एवढं एक वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं, पण त्यातला 'संशोधन' हा शब्द बोलता बोलता गळून पडे. धूलकोटकडून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या काकांनी गावात चौकशी केली आणि निरोप धाडला, "मुलगी गुणी आहे असं ऐकलं, पण सध्या जेलमध्ये आहे असं समजतं. सुटल्यावर कळवा." आत्यानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. ताईला फोनवर हे सांगितलं तर ती इतकी हसली की पलीकडे तिच्या हातातून काचेचं काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आम्ही इकडे ऐकला. "सुटले की कळवते म्हणावं," ती म्हणाली. पण सुटायची वेळ काही आली नाही. आणखी दोनचार स्थळं आली, गेली, आणि मग यायची थांबली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण आमच्या घराण्यात ज्या गोष्टी विचारायला हव्यात त्या सोडून बाकी सगळं विचारायची पद्धत आहे.

हे जेल म्हणजे काय, हे मी तिच्याकडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी वेगळ्या खाद्यपदार्थावर. एकादशीला साबुदाण्यावर, उन्हाळ्यात सब्जाच्या सरबतावर, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, माझ्या पानातल्या मावा जिलेबीत बोट खुपसून. "हे बघ. जखम म्हणजे खड्डा. खड्ड्यात औषध ओतलंस तर राहील का? वाहून जाईल. कातडी वाढवणारी प्रथिनं मोठी नाजूक असतात, जखमेत टिकत नाहीत. म्हणून औषध द्यायचंच नाही. औषध करायची कृती द्यायची, चिठ्ठीवर लिहून. ती चिठ्ठी म्हणजे जनुक. आता ही चिठ्ठी हरवू नये म्हणून ठेवायची कुठे? जेलमध्ये! साधंसुधं नाही, आपल्याच शरीरातल्या पदार्थाचं. कोलॅजनचं, नाहीतर रक्त गोठताना जी जाळी बनते ना, तिचं. आजूबाजूच्या पेशी त्या जाळीतून सरपटत आत येतात, त्यांना चिठ्ठी सापडते, त्या वाचतात आणि स्वतःच औषध बनवायला लागतात. काम झालं की जाळी विरघळते, चिठ्ठीही जाते. मागे राहते नुसती कातडी." एवढं बोलून ती खुर्चीला टेकून बसते, जणू आत्ताच कोणाची तरी जखम भरून आली आहे.

"मग अडचण काय आहे?" मी एकदा विचारलं.

"पेशी वाचत नाहीत रे," ती एकदम उदास होऊन म्हणाली. "ढीगभर चिठ्ठ्या ठेवा, दोनचार उघडतात. बाकीच्या तशाच पडून फाटतात. तुझ्या शाळेतल्या पोरांसारखंच आहे ते."

मी शाळेत भूगोल शिकवतो. मला ते लगेच पटलं.

तिचा प्रयोग उंदरांवरून सशांपर्यंत पोचला आणि तिथं थांबला. सशापासून माणसापर्यंतची वाट फार लांबची आणि फार खर्चाची असते म्हणे, आणि ती चालायचं बळ त्या प्रयोगशाळेपाशी नव्हतं. काम बंद झालं, दोन वर्षांनी ताईही निवृत्त झाली आणि दोन ट्रंका घेऊन बुऱ्हाणपूरला परत आली. आत्या तोवर गेली होती. बहादरपूरचं घर चुलत्यांकडे होतं. लालबागच्या रस्त्यावर तिनं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि त्यांत प्रयोगशाळेची शिस्त आणली. दुधाच्या पातेल्यावर तारीख, लोणच्याच्या बरणीवर तारीख आणि वेळ. दारातून आत येणाऱ्यानं आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिल्या संक्रांतीला तिनं गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका आल्या, हात धुऊन बसल्या. तिळगूळ झाला, आणि मग ताईनं प्रत्येकीच्या ओटीत वाण म्हणून निर्जंतुक गॉजचं एकेक पाकीट घातलं, वर बजावलं, "उघडू नका. लागेल तेव्हाच उघडा." बायका घरी जाऊन खूप हसल्या. पुढच्या वर्षी फक्त तिघी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं बोलावलं की नाही, मला माहीत नाही. मी तेव्हा चौकशी केली नाही.

त्याच सुमारास माझ्या आईचं दुखणं सुरू झालं. आईला साखरेचा आजार जुना होता. पायाला खडा लागला होता तो तिला कळलाच नाही. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी अंगठा काढला. पण खालची तळव्यापर्यंत गेलेली जखम काही केल्या भरेना. महिना गेला, दुसरा गेला. एक दिवस डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टरजी, ऐसा ही चला तो पाँव निकालना पड़ेगा. तयारी रखिए मन की." मी दवाखान्यातून घरी न जाता तडक ताईकडे गेलो. हातही धुतले नाहीत.

"तुझं ते जेल लाव," मी म्हणालो.

तिनं माझ्या न धुतलेल्या हातांकडे पाहिलं.

"ताई, तीस वर्षं केलंस ना? लाव. काही झालं तर जबाबदारी माझी. मी लिहून देतो."

"ते माझ्याजवळ नाही," ती म्हणाली. "आणि असतं तरी लावलं नसतं. सशावर लागलंय ते. मामीवर नाही लागणार."

"का?"

"कारण माहीत नाही अजून. माणसाच्या जखमेत ते काय करील, कुठं जाईल, किती दिवस राहील, काही माहीत नाही. माहीत नाही ते मामीच्या पायावर करून बघू?"

मी फार चिडलो. माणूस घाबरला की चिडतो, हे मला वर्गात पोरांच्या बाबतीत समजतं, स्वतःच्या बाबतीत समजलं नाही. "मग तीस वर्षं केलंस काय?" मी ओरडलो. "उंदरांच्या जखमा भरल्यास?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "हो," ती म्हणाली. "उंदरांच्याच. त्याही सगळ्या नाही भरल्या."

मी जिना उतरून निघून आलो. वाटलं, आता ही काही आपल्या दारात यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती दारात होती. खांद्याला पिशवी, पिशवीत सलाइनच्या बाटल्या, पट्ट्या, हातमोजे. माझ्याकडे न बघता तिनं बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले आणि आईच्या खोलीत गेली. आधी ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती. रोजची मलमपट्टी मी करीन, काही बदल दिसला तर तुम्हाला दाखवीन, असं त्यांच्याशी ठरवून. पुढचे पाच महिने ती रोज आली. एकही दिवस चुकला नाही, उन्हाळ्यातही नाही, तिला स्वतःला ताप होता त्या आठवड्यातही नाही, तेव्हा तोंडाला मुसकं बांधून आली आणि दारापासूनच म्हणाली, "मामी, आज बोलणार नाही. फक्त पाय." माझी जुनी रबरी चप्पल कापून, आत स्पंज भरून तिनं आईसाठी असं काही पायताण बनवलं की आईचं वजन जखमेवर पडूच नये. ते इतकं कुरूप होतं की आई पाहुणे आले की पाय लुगड्यात लपवी. आईची साखर, आईचं जेवण, आईनं चोरून खाल्लेला दराब्याचा लाडू, सगळ्यावर ताईची नजर. आणि रोज पट्टी बदलण्याआधी वह्यांना घालतात त्या पारदर्शक कव्हराचा स्वच्छ तुकडा जखमेवर धरून ती पेनानं तिची कड गिरवी, तारीख घाली, आणि कालचा तुकडा त्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात बघे.

"काय पाहू राहिली ग इतकं?" आई विचारी.

"कड पाहतेय, मामी. कातडी कडेकडेनं येते. आज इथं गुलाबी झालीय बघा."

"मले कुठं दिसू राहिलं तिथलं. तिले म्हण लवकर ये. पोळ्याले पुरण घालायचंय मले."

"सांगते मामी तिला."

आणि ती खरंच सांगे. पायावर वाकून, अगदी हळू, दोघीतिघींत बोलल्यासारखं. आधी मला हसू आलं. मग काही दिवसांनी मी दाराआडून ऐकायला लागलो. ती त्या जखमेला दिवसभराची हकीकत सांगत असे: सकाळी पाणी आलं नाही, खालच्या घरातलं कुत्रं व्यालं, काल दोडक्याची भाजी जरा जास्त झाली, एकटीला किती लागते. आई डोळे मिटून पडलेली असे. तिला कानानं कमी ऐकू येई, पण मला वाटतं तिला सगळं ऐकू येत होतं.

गिरवलेल्या कडा लहान लहान होत गेल्या. आधी तळहाताएवढी, मग बेलाच्या पानाएवढी, मग चिंचोक्याएवढी. पोळ्याला आईनं स्टुलावर बसून पुरण घातलं. त्यानंतर एका सकाळी ताईनं प्लॅस्टिकचा तुकडा आईच्या तळव्यावर धरला, पेन उघडलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं आणि काहीही न गिरवता फक्त तारीख घातली. तो कोरा तुकडा तिनं मला दाखवला. मला म्हणावंसं खूप काही वाटत होतं. त्या दिवशी तिच्या खोलीत ओरडलो त्याबद्दलही. मी म्हणालो, "चहा घेशील?"

पाय बरा झाला तरी ताई येत राहिली. रोज नाही, पण दोनतीन दिवसांआड. तळवा बघायचा हे निमित्त. आणि मग ती दुपार आली जिच्याबद्दल मला लिहायचं होतं आणि जी लिहायला मी इतका वेळ टाळतोय.

चार वाजले असतील. मी नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. ताई आली ती जवळजवळ पळतच. भर उन्हातून आल्यानं चेहरा लाल, हातात मावा जिलेबीचा पुडा. हात न धुता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, यावरूनच मला कळायला हवं होतं.

"अरे, आलं ते! जनुकाचं जेल. माणसांसाठी. परदेशात औषध म्हणून मंजूर झालं. काही मुलं असतात बघ, जन्मापासूनच कातडी इतकी नाजूक की नुसत्या स्पर्शानं सोलून निघते. त्यांच्या जखमांवर लावायचं. आणि भरतात रे जखमा!"

"अरे वा," मी लाल पेन न ठेवता म्हणालो. "तुझंच का ते?"

"नाही, माझं कुठलं. दुसऱ्यांचं. वेगळ्याच वाटेनं गेले ते. चिठ्ठी पोचवायला त्यांनी विषाणू घेतला, निरुपद्रवी केलेला. आम्ही ती नुसतीच ठेवत होतो. पण जेलमध्ये! जेलमध्येच ठेवली त्यांनी!"

"मग तुला काय त्याचं?" मी विचारलं.

खरं सांगतो, मला कुत्सितपणे म्हणायचं नव्हतं. मी एका पोरानं नर्मदा बंगालच्या उपसागरात सोडली होती ती अरबी समुद्राकडे वळवण्यात गुंतलो होतो. ताई क्षणभर उभी राहिली. तिनं जिलेबीचा पुडा टेबलाच्या कडेवर ठेवला.

"मामी जागी आहे का?" तिनं विचारलं, आणि आत गेली.

पुढचा तासभर आतून तिचा आवाज येत होता. पेशी, चिठ्ठ्या, जाळी, विषाणू, सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं, कारण आईला ऐकू यावं लागे. मध्ये मध्ये आईचा "हाव... हाव" असा होकार ऐकू येई. शेवटी आईनं विचारलं, "म्हणजे ती पोरं आता खेळतीन?"

"खेळतील, मामी. पडतील, लागेल त्यांना. तरी खेळतील."

"मग चांगलं झालं ग बाई," आई म्हणाली. मी पेन थांबवून ऐकत होतो. उठून आत जावं असं मला वाटलं. पण अजून बावीस उत्तरपत्रिका उरल्या होत्या आणि सकाळी गुण द्यायचे होते. मी उठलो नाही.

त्या हिवाळ्यात आई गेली. झोपेत, काही त्रास न होता. शेवटची अंघोळ घातली तेव्हा आईचे पाय ताईनं पुसले. ते काम तिनं कोणाला करू दिलं नाही. तेराव्यापर्यंत ती रोज आली, कामाला हात लावला, आणि त्यानंतर आली नाही. निमित्तच उरलं नव्हतं. पहिले काही दिवस माझ्या ध्यानातही आलं नाही. दीड महिन्यानं बायको म्हणाली, "ताई किती दिवसांत आल्या नाहीत हो. जाऊन या ना." एका रविवारी सकाळी मी गेलो.

दार तिनं उघडलं. मी हात धुतले, बाहेरच्या खोलीत बसलो. ती आत चहा ठेवायला गेली. टेबलावर एक जाड वही उघडी होती, प्रयोगशाळेत असते तशी, पानांवर क्रमांक घातलेली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण मी मास्तर आहे, समोर वही दिसली की नजर जातेच. तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: "सकाळी ७.१०. चहा करण्यात आला. एक कप." त्याखाली: "दिवसभरात कोणी आलं नाही." पान उलटलं. "कोणी आलं नाही. कालच्याप्रमाणेच." त्याच्या आदल्या पानावरही तेच, तारखेसकट, वेळेसकट, खाली सही.

ताई चहा घेऊन आली. मी वहीशी आहे हे तिनं पाहिलं. तिनं कप खाली ठेवले, रागावली नाही, वही हळूच मिटली.

"सवय आहे रे," ती म्हणाली. "जे घडलं नाही, तेही लिहायचं असतं. नाहीतर पुढच्या माणसाला वाटतं, कोणी बघितलंच नव्हतं."

चहा पिऊन झाला तेव्हा मी म्हणालो, "ताई, त्या दिवशीची बातमी मी नीट ऐकली नाही. त्या मुलांची. सांगशील?"

"जुनी झाली ती आता," ती म्हणाली, आणि रिकामे कप उचलून आत गेली. नळाचा आवाज येत राहिला. मग नळ बंद झाला. ती ओल्या हातांनीच दारात आली. "खरंच ऐकायचीय?"

"हो."

ती समोर बसली आणि तिनं सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं मी समजल्यासारखी मान हलवली. मग गोष्ट जाळीच्या धाग्यांत शिरली, तिथून विषाणूच्या पोटात, तिथून मला न कळणाऱ्या कुठल्या तरी प्रथिनाच्या घडीत. खिडकीतलं ऊन टेबलावरून तिच्या हातांवर आलं. ती हवेत बोटांनी जाळी विणत होती, पेशींना चढवत होती, त्या मुलांच्या पाठी, गुडघे, तळवे एकेक करून भरून आणत होती. मग मध्येच थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कळतंय ना तुला?"

"नाही," मी म्हणालो.

"चालेल," ताई म्हणाली. "तू बस फक्त."